उलटा डोस

कोल्हापूर
४ जून २००८

श्री. धम्मपाल भाऊजी यांस,
जय भीम.

पोस्टमन हे पत्र तुमच्या हातात देईल तेव्हा तुम्ही आधी जिन्याकडे बघाल. मी वरच आहे, कुठे गेलेली नाही. एकाच घरात वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पत्र पाठवायला तिकीट कशाला लावायचं, असं तुम्ही माझ्या जावेला, बायडाला, मोठ्यानं विचाराल, मला ऐकू यावं म्हणून. उत्तर असं की, समोर बसून बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला तुम्ही हसवता. मी हसले की विषय संपतो. हे गेले तेव्हापासून या घरात सगळे विषय असेच संपले. कागदाला तुम्ही हसवू शकत नाही, म्हणून कागद घेतला.

शनिवारी माझ्या निवृत्तीचा सत्कार झाला. हॉल तुम्ही ठरवलात, फेटेवाला तुम्ही आणलात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याजवळ पहाटेपासून तुम्हीच उभे होतात. मला नको असताना हे सगळं केलंत आणि ते मला आवडलंही. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना वहिनी उपकार विसरली असं म्हणायला जागा राहणार नाही.

मग तुम्ही माइक हातात घेतलात.

"आमच्या वैनीस्नी एखादी गोष्ट करा म्हणून सांगितलं, तर त्या करत न्हाईत. तुमाला न्हाई जमायची म्हटलं, की झालीच म्हणून समजा! ह्याला आमी घरात उलटा डोस म्हणतो."

हॉल हसला. मीही हसले. मग तुम्ही सायकलची गोष्ट सांगितलीत. हे गेल्यावर त्यांच्या जागी मी कचेरीत कारकून म्हणून लागले, रोज चालत जायची, आणि तुम्ही अंगणात सायकल उभी करून म्हणाला होतात, "वैनी, तुमी सायकल शिकायची म्हंजे आदी गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा इमा उतरवाय लागंल." त्या रागात मी सायकल शिकले, हे खरं आहे. लोक हसले, तेही ठीक.

पण तुम्ही थांबला नाहीत. "आता सगळ्यात जालीम डोस सांगतो," म्हणालात. "अठ्ठ्याऐंशी साल. म्हसूल अर्हता परीक्षेत एक डाव नापास झाल्यावर वैनी पुस्तकाला हात लावंनात. कायबी बोला, उठंनात. ती परीक्षा झाल्याबिगार नायब तहसीलदार हुता येत न्हाय, म्हंजे जलमभर कारकुनी. मग मी काय केलं? ह्यांची एक जिवाभावाची मैत्रीण हुती, मुरगूडची. तिच्या नावावर दिलं ठोकून! म्हटलं, ती बाई तुमच्याबद्दल असं असं बोलली. झालं की! पुस्तक खाली ठेवलं न्हाई! आज तहसीलदार म्हणून रिटायर झाल्या! आणि त्या बिचाऱ्या बाईला अजून पत्त्या न्हाई!"

टाळ्या पडल्या. शिट्टीही कुणीतरी वाजवली. माझ्या मांडीवर बुद्धमूर्तीचा खोका होता, तो मी दोन्ही हातांनी धरला. समोरच्या रांगेत माझी मुलगी बसली होती, पुण्याहून खास आलेली. संघप्रिया हसत होती, काकाचा नेहमीचा किस्सा ऐकताना माणूस हसतो तशी. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती हसायची थांबली. तेवढ्यात मला समजलं की हा किस्सा तिलाही आधीपासून माहीत होता.

"उलटा डोस" हा शब्द त्या दिवशी त्या हॉलमध्ये फक्त मी पहिल्यांदा ऐकत होते.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. मुरगूडची संयोगिता ते वाक्य बोलली होती की नाही? हो किंवा नाही. लेखी नको असेल तर जिन्यात उभे राहून सांगा, पण एका शब्दात.

सोनूबाई कांबळे


कोल्हापूर
१२ जून २००८

श्री. धम्मपाल भाऊजी यांस,
जय भीम.

उत्तर मिळालं. मी एक शब्द मागितला होता, तुम्ही पायऱ्यांवर उभे राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भाषण केलंत. "न्हाई बोलली ती, मीच बोललो! लेथवर जॉब लावताना सुचलं मला! पण वैनी, पास झालासा न्हवं? मग औषध कडू हुतं का गोड, आता कशाला बघायचं?" खालून बायडा म्हणाली, "अवो, हळू बोला की." तुम्ही आणखी मोठ्यानं म्हणालात, "हळू कशाला? चोरी केलीया व्हय मी?"

हो. चोरीच केली आहे. काय चोरलंत, ते सांगते.

सायकलचा टोमणा तुमचा होता, तुमच्या तोंडचा होता. लुना घेतली तेव्हा "लुनाला घाम फुटंल" म्हणालात, तोही तुमचाच. मला राग यायचा, तुमच्यावरच यायचा, आणि रागावण्याची सोय समोरच असायची. संध्याकाळी मी तुमच्या ताटात भाजी कमी वाढून तो फेडायची. दीर-वहिनीत एवढं चालतं. त्याबद्दल मी आजही एक अक्षर बोलत नाही.

त्या दिवशी मात्र तुम्ही कारखान्यातून आलात, हातपाय धुतलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुमची मैत्रीण भेटलीती स्टँडवर. म्हणत हुती, नवऱ्याच्या जागेवर नोकरी मिळती, सवलतीत बढतीबी मिळंल, पण परीक्षेला डोस्कं लागतंय, ते सोनी कुठनं आणणार?"

सोनी. त्या नावानं मला या जगात एकच माणूस हाक मारायचं. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो, ती मोठ्या वाड्यातली, पुढं लग्नानं मुरगूडच्या चौगल्यांची झाली, मी नेसरीच्या आमच्या वस्तीतली. पहिल्या आठवड्यात माझ्या खोलीत आलेल्या मुलीनं खोली बदलून मागितली, तेव्हा आपली गादी उचलून माझ्या खोलीत आली ती संयोगिता. घरून आलेल्या भाकरीचे दोन तुकडे करून त्यातला मोठा माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "खा सोने, तुला बारीक अक्षरात लिहायचं असतंय." ते नाव तुम्ही आमच्या तोंडून ऐकलं होतंत. खोट्याला खऱ्याचा वास यावा म्हणून त्यात ते नाव घातलंत. लेथवर सुचलं म्हणता. फार बारीक काम केलंत.

तुम्हाला वाटत असेल, एवढी जुनी मैत्री, मग एका वाक्यावर विश्वास कसा बसला? भाऊजी, ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. कचेरीत मी फाईल घेऊन वळले की माझ्या पाठीमागे ते रोज कुणीतरी अर्ध्या आवाजात बोलायचं. तोंडावर हसणारी माणसं बोलायची. आपल्या माणसांबद्दल हे जग एक दिवस असंच बोलतं, फक्त प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो, असं मला तोवर वाटायला लागलंच होतं. मला वाटलं, संयोगिताचा दिवस आला.

आणि ते कुठं लागेल हे तुम्हाला नेमकं माहीत होतं, कारण ते तुम्हालाही तिथंच लागतं. उद्यमनगरात एका फोरमननं असंच काही बोलल्यावर हातातला पाना टाकून तुम्ही घरी आला होतात आणि दोन दिवस जेवला नव्हतात. आपल्या घरात बाहेरून येणारं ते वाक्य तुम्ही आतून बनवलंत, आणि ज्या एका माणसानं ते कधीच उच्चारलं नाही, त्याच्या तोंडी घातलंत.

परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. तुम्ही तेव्हा घरात होतात. मी दाराची कडी काढली नाही, खिडकीतूनच म्हणाले, "डोकं कुठनं आणलं ते बघायला आलीस?" तिला काही कळलं नाही, हे मला आत्ता कळतं. तिनं पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवला आणि गेली. तो पुडा तुम्ही आत आणलात भाऊजी, आणि गल्लीत वाटलात. त्या वेळी तरी तुमचं तोंड उघडायला हवं होतं. पेढा खायला उघडलंत.

त्यानंतर तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती मी परत पाठवली. तिचे मालक गेल्याचं मला वर्तमानपत्रातल्या चौकटीतून समजलं. पुढे पन्हाळ्याला, गडहिंग्लजला, जिथे जिथे मी बसले तिथे कुणी हाताखालचं माणूस माझं कौतुक करायला लागलं की मी त्या माणसाचं तोंड नीट बघायची आणि मनात म्हणायची, तुझा दिवस अजून यायचा आहे. शिस्तीची बाई म्हणून माझं नाव झालं. त्यातली निम्मी शिस्त म्हणजे हेच होतं.

आता तुम्ही एक काम करायचं आहे. मुरगूडला जायचं. संयोगिता चौगले, हायस्कूलमधून निवृत्त झाल्या आहेत, गावात कुणीही घर दाखवेल. तिच्यासमोर बसून तुम्ही काय केलंत ते सांगायचं. सरळ सांगायचं. त्यात एकही विनोद नको. ती हसली तरी तुम्ही हसायचं नाही.

मी आधी जाणार नाही. जिचा काही गुन्हा नाही तिच्या दारात, गुन्हा काय झाला हेही तिला माहीत नसताना, मी काय सांगत उभी राहू? तुमचं झाल्यावर, तिनं बोलावलं तर मी जाईन. हे नीट वाचा: तिनं बोलावलं तर.

सोनूबाई


कोल्हापूर
२० जुलै २००८

भाऊजी,

काल तुम्ही मुरगूडला जाऊन आलात. एवढ्या पावसात गेलात, कपडे अंगावर वाळलेले होते, हे बायडानं मला सांगितलं. तिनं तुमच्यासाठी पाणी तापवलं आणि मग चहाचं निमित्त करून वर आली.

"आक्का," म्हणाली, "लई गप आल्यात हो ते. आल्यापासनं एक शब्द वाकडा बोललं न्हाईत. मला भ्या वाटतंय."

"वाकडं बोलले नाहीत त्याची भीती वाटते?"

"व्हय की. वाकडं बोलत्यात तवा बरं असत्यात."

मी म्हणाले, बस, चहा घे. ती बसली नाही.

मग तुम्ही स्वतः जिना चढून आलात. महिन्याभरात पहिल्यांदाच. दारात उभे राहिलात आणि सांगितलंत. सगळं बोललो म्हणालात, एकबी इनोद केला न्हाई म्हणालात. त्याबद्दल मी त्याच वेळी आभार मानले, ते तुम्हाला ऐकू गेले असतील. मग मी विचारलं, ती काय म्हणाली?

तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "काय म्हणायचं? म्हणाल्या, त्या तहसीलदारीणबाईंस्नी माझ्या उंबऱ्यापतुर यायचं धाडस हाय व्हय? खिडकीतनं बोलायची सवय लागलीया त्यास्नी."

आणि खाली गेलात.

तेव्हापासून मी या खोलीत बसून त्या दोन वाक्यांची तपासणी करते आहे. आयुष्यभर मी खोटे दाखले पकडले. वारसाचे खोटे जबाब, खोट्या सह्या, खाडाखोड केलेल्या नोंदी, माणूस समोर बसला की मला कळायचं. इथं कळत नाही.

कारण ती असं बोलू शकते. मी तिच्याशी जे केलं त्यानंतर तिला तसं बोलायचा पूर्ण अधिकार आहे. खिडकीची गोष्ट खरी आहे आणि ती तिलाच लागलेली असणार.

पण हे वाक्य तुमच्याकडूनही आलेलं असू शकतं. वैनी साध्या निरोपावर हलणार न्हाईत, म्हणून बसवा एक डोस. खिडकीची गोष्ट तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही तेव्हा घरातच होतात, आणि मी तुम्हाला ती परत लेखी कळवली आहे.

तुम्ही काय करून ठेवलं आहे ते तुमच्या लक्षात येतं का? या वाक्याच्या रागानं मी मुरगूडला गेले, तर पुन्हा तुम्ही ढकललं म्हणून गेले. वाक्य खोटं असेल म्हणून नाही गेले, आणि ते खरं निघालं, तर ती म्हणेल, बघ, आली नाही, धाडस नाहीच. उठले तरी तुमची, बसले तरी तुमची. माझे पाय माझे आहेत की तुमचे, हेच मला सांगता येत नाही.

संघप्रियाला फोन केला. म्हटलं, तुला किती वर्षं माहीत होतं? ती म्हणाली, "आई, मी आठवीत असताना काकांनी सांगितलं. मला वाटलं गंमत आहे. मलापण द्यायचे ना डोस, गणिताच्या वेळी." मी विचारलं, "मग तुझं गणित सुधारलं का?" ती म्हणाली, "मार्क सुधारले. पण अजून कुणी चांगलं म्हटलं की मला वाटतं, हा माणूस काहीतरी करून घ्यायला बघतोय."

मी फोन ठेवला. ती माझ्यासारखी झाली आहे, आणि मी समजत होते की ती बापावर गेली.

भाऊजी, मी एकदाच विचारते. ती असं बोलली का? आता तुम्ही "व्हय" म्हणालात तरी माझा विश्वास बसणार नाही आणि "न्हाई" म्हणालात तरी बसणार नाही. तरी विचारते.

सोनूबाई


मुरगूड
१० ऑगस्ट २००८

भाऊजी,

तुम्ही उत्तर दिलं नाही, म्हणून मी माझा निर्णय केला. काल सकाळच्या एसटीनं निघाले. रागानं निघाले, हे लपवत नाही. पण राग तिच्यावरही नव्हता, तुमच्यावरही नव्हता. काहीच कळत नाही याचा राग होता. गाडीत बसल्यावर कागलपर्यंत मी मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होते. खरं असो की खोटं, आपण त्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच ठरवलं होतं.

ती गोठ्याशी होती. सून धार काढत होती आणि ही बाजूला उभी राहून तिला काहीतरी सांगत होती. केस सगळे पांढरे. चष्मा जाड. मला ओळखायला तिला वेळ लागला, किंवा ओळखलं आणि बोलायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाले, "धाडस नाही म्हणालीस ना? हे बघ. आले. खिडकीत नाही, दारात उभी आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही तिचा तो चेहरा बघायला हवा होता. खिडकीबाहेर पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभी होती, तेव्हा असाच असणार. तेव्हा मी नीट बघितला नव्हता.

"कसलं धाडस?" ती म्हणाली. "कोण म्हणालं?"

"तू. धम्मपाल भाऊजींजवळ."

ती सुनेला म्हणाली, "तू जा आत." मग मला म्हणाली, "सोने, तुझा दीर आला हुता. त्या तिथं कट्ट्यावर बसला, आत ये म्हटलं तर आला न्हाई. सगळं सांगितलं त्यानं. मान वर केली न्हाई. मग मी म्हटलं, सोनीला सांगा, ये म्हणावं. एवढंच म्हटलं."

ये म्हणावं.

भाऊजी, हा निरोप होता. दोन शब्द. एवढे तुम्हाला कोल्हापूरपर्यंत जसेच्या तसे आणता आले नाहीत.

वीस वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो आणि तिच्याशी माझं पहिलं वाक्य काय होतं? तिनं न केलेल्या अपमानाला उत्तर. दुसऱ्यांदा. तेही तुम्ही माझ्या तोंडात ठेवलेलं.

तिनं मला आत नेलं. पाणी दिलं. सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला. मग ती म्हणाली, "एक कार्ड टाकून इचारायचं हुतंस मला. एवढी कशी गं रागावलीस?"

मी म्हणाले, "तुझ्याबद्दल कुणी तसं बोललं असतं, तर तू विचारलं असतंस?"

तिनं विचार केला. ती मास्तरीण आहे, उत्तर देण्याआधी विचार करते. म्हणाली, "माझ्याबद्दल तसं कुणी बोलतच न्हाई गं."

आणि मग ती रडली. मी नाही रडले. मला वाटलं होतं उलटं होईल.

आता शेवटचं, तिच्याकडून कळलेलं. हे तुम्ही सत्कारात सांगितलं नाहीत, माझ्या पत्राला उत्तर देतानाही सांगितलं नाहीत. मुरगूडच्या कट्ट्यावर "सगळं" सांगताना तिलाही सांगितलं नाहीत, कारण ते तिला माहीतच होतं. अठ्ठ्याऐंशी साली ती तुम्हाला स्टँडवर खरोखरच भेटली होती. तुम्ही ते पूर्ण बनवलं नव्हतंत. तिनं माझी चौकशी केली, मी परीक्षेला पुन्हा बसत नाही हे तुम्हीच तिला सांगितलंत, आणि तिनं निरोप दिला: "सोनीला म्हणावं, ह्या खेपंला तू पास हुतीस. पोरीला घेऊन सुट्टीत हिकडं ये. माडीवरची खोली मोकळी हाय, कोण त्रास देणार न्हाई, अभ्यास कर."

तिनं त्या सुट्टीत माडी सारवून घेतली होती. मला ती खोली दाखवली. आता तिथं सरकीची पोती आहेत.

म्हणजे दोन्ही वेळा निरोप सरळ होता आणि दोन्ही वेळा तुम्ही तो उलटा करून दिलात. तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे बायडा शपथेवर सांगेल आणि मीही मान्य करते. तुमचं म्हणणं एकच आहे, मी ओळखते ते: "सरळ सांगून तुमी हलला नसता." कधी करून बघितलंत? या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकदा तरी? "वहिनी, तुम्ही पास व्हाल असं मला वाटतं," हे वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. माझ्या नावानं निघालं होतं, स्टँडपासून गल्लीपर्यंत तुमच्याजवळ होतं. ते ऐकून मी काय केलं असतं? माडीवर बसून अभ्यास केला असता? पास झाले असते? की पुन्हा नापास झाले असते, आणि संयोगितानं दुसऱ्या दिवशी परत पुस्तक उघडायला लावलं असतं? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मलासुद्धा नाही. माझं स्वतःचं काय आणि तुम्ही पेटवलेलं काय, हे मला वेगळं करता येत नाही, आणि हॉलमध्ये फेटा बांधून तुम्ही ते सगळं तुमच्या नावावर लावून घेतलंत.

मी इथं काही दिवस राहणार आहे. तुम्ही इकडे येऊ नका. बायडाला म्हणावं, वरच्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घाल. आणि हा निरोप तिला जसा आहे तसा द्या.

सोनूबाई


मुरगूड
२९ ऑगस्ट २००८

भाऊजी,

आज दुपारी बायडाचा इथल्या फोनवर फोन आला. तुमच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा पडला आहे, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं, तुम्ही तंबाखूचा बार लावायची बाजू फक्त बदलली आहे, आणि डॉक्टरचं नाव काढलं की म्हणता, "डाक्टर माझ्यापेक्षा आदी जाईल." हे ऐकून गल्ली हसते म्हणे.

बायडा म्हणाली, "आक्का, माझं ते ऐकत न्हाईत. तुमी म्हणा की, ह्यांच्यात कुठला आलाय दम तंबाखू सोडायचा. त्यास्नी तुमचं लागतंय. डोस द्या एक. त्याबिगार हलायचे न्हाईत."

मी म्हणाले, नाही. ती रडायला लागली. तिला वाटलं, मी सूड घेते आहे.

संयोगिता शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "दे की गं. माणूस वाचतंय न्हवं?" तिचंसुद्धा मी ऐकलं नाही. मला एक फार चांगलं वाक्य सुचलंही होतं. ते ऐकून तुम्ही तासाभरात दवाखान्याच्या रांगेत उभे राहिला असतात. ते मी लिहीत नाही.

तुम्ही जे केलंत ते मी माफ केलेलं नाही. करीन की नाही, ते मला माहीत नाही. इथं माडीवर झोपते, पोती हलवून तिनं जागा केली आहे, आणि रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तुमचाच राग येतो.

सोमवारी दवाखान्यात जा. एकटे जाऊ नका, बायडाला बरोबर न्या, आणि डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणाले तर पाठवू द्या. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले तर करून घ्या. तंबाखू आजपासून बंद करा. तुम्हाला ते जमेल, असं मला वाटतं.

मला भीती वाटते आहे, भाऊजी. हे गेले तेव्हा वाटली होती तशी. माझं तुमच्याशी फार मोठं भांडण आहे, ते अजून निम्मंही झालेलं नाही, आणि त्यासाठी तुम्ही जिवंत असायला हवे आहात.

डॉक्टर काय म्हणाले ते मला फोनवर सांगा. जे म्हणतील तेच सांगा.

तुमची वहिनी,
सोनूबाई